उभ्या महालक्ष्म्या

विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. नागपुरात भाद्रपदातले ते तीन दिवस घर घरच्यांचं राहत नाही. पहिल्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी निघतात. जेवणाचा दिवस सगळ्यात मोठा. पुरण, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पातवड्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, आणि सोळा भाज्यांची मिळून एक भाजी. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या आहेत. कोठ्यांत धान्य भरायचं, वर मुखवटे ठेवायचे, नऊवारी नेसवायची. नेसवून झालं की खोलीत दोन मोठ्या बायका उभ्या आहेत असंच वाटतं, आणि आपोआप आवाज खाली येतो.

त्या सोळा भाज्या कॉटन मार्केटात एका फेरीत मिळतात. तरी सासूबाई त्या सगळ्या कधीच विकत आणत नाहीत. अळू मागच्या गल्लीतल्या काकूंच्या अंगणातलं, कोहळ्याची फुलं कोपऱ्यावरच्या घरातली, अंबाडी कुणाच्या शेतावरून आलेली. सून म्हणून आले तेव्हा मला हे मागत फिरणं जड जायचं. पैसे असताना कशाला हात पसरायचे, असं वाटायचं. पुढे कधीतरी भाजी निवडताना त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं की ही सवय कुठून आली.

एम्प्रेस मिल ही कापडगिरणी जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केली. तेव्हापासून नागपुरातल्या कितीतरी वस्त्यांची सकाळ गिरणीच्या भोंग्यावर व्हायची. 1980 च्या दशकात गिरण्यांचे दिवस फिरले. सासरे अशाच एका गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा पगार थांबला, आणि नेमके महालक्ष्म्यांचे दिवस तोंडावर आलेले. नातेवाइकांनी सुचवलं, यंदा साधं करा, देवी समजून घेते. सासूबाईंनी साधं केलं नाही आणि उसनेही काढले नाहीत. टोपली घेऊन ओळीनं घरं केली आणि प्रत्येकीकडून एकच भाजी मागितली. एकच, कारण एवढं कुणालाही देता येतं. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याजणी जेवायला घरात होत्या. "मागितलं की माणूस आपलं होते," एवढंच त्या मला म्हणाल्या आणि दोडक्याच्या शिरा काढू लागल्या.

2023 साली जेवणाचा दिवस 22 सप्टेंबरला, शुक्रवारी आला. शेवटची पंगत उठायला बराच उशीर झाला. भांडी तशीच पालथी घालून आम्ही पडलो. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला. आमचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून फार लांब नाही. तलाव भरून वाहू लागला की त्याचं पाणी नदीत उतरतं, आणि नदी घरांच्या, दुकानांच्या, सीताबर्डीच्या पाठीमागून पूर्वेला जाते. एरवी ती भिंतीआड असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या रात्री ती रस्त्यावर आली.

आमच्याकडे पाणी आधी मोरीच्या जाळीतून वर आलं. मग दारातून. उंबऱ्यापासून देवीपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती, ती बघता बघता गेली. नवऱ्यानं मेन स्विच पाडला. मोबाईलच्या उजेडात मी थेट मुखवट्यांकडे धावले. घराण्यातले मुखवटे, सासूबाईंच्या सासूबाईंकडून आलेले. दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला.

"ह्या उभ्या आहेत न. मागचे दोघं झोपून आहेत. आधी तिकडे जा."

मागच्या खोल्यांत एक म्हातारं जोडपं भाड्यानं राहायचं. आजोबांना ऐकू कमी येतं, आजी काठीशिवाय उठत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा पाणी त्यांच्या पलंगाच्या गादीला लागलं होतं. आजींना माझ्या नवऱ्यानं पाठीवर घेतलं, आजोबांचा हात माझ्या मुलानं धरला. वरच्या मजल्याचं दार आम्ही ठोठावण्याआधीच उघडलेलं होतं. तिथल्या वहिनी टॉवेल घेऊन जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या कुंड्यांतली ओव्याची पानं आदल्याच सकाळी आमच्या भज्यांत पडली होती.

त्या रात्री शहरात माणसं दगावली. बोटी फिरल्या, लष्कर आलं, हजारो घरांत चिखल शिरला. आमची माणसं वर सुखरूप होती, हे आमचं नशीब होतं असं मी सहज म्हणू शकते. पण पुरतं तसं वाटत नाही. संकट माणसाला घडवतं, असं आपण फार बोलतो. त्या अंधारात पाच मिनिटांत कुणी काय नवीन शिकणार? हात तेच करतात जे ते आधी वर्षानुवर्षं करत आले आहेत. पंगतीला लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी, हा सासूबाईंचा नियम. पाव्हणा कितीही मोठा असो, तो नंतर. मुलगा लहानपणी या नियमावर रुसायचा, कारण चौथीत गेल्यावर त्याला दुसऱ्या पंगतीत ढकललं होतं. त्या रात्री आजोबांच्या खोलीकडे तो कुणी न सांगता वळला. घर चालवताना आपण मुलांना काय देत असतो हे रोज दिसत नाही. डाळ-तांदूळ मोजण्यात, ओरडण्यात, अभ्यासाच्या कटकटीत ते दडून जातं.

सकाळी पाणी उतरल्यावर खाली आलो. फ्रिज आडवा पडला होता. धान्य फुगून एक कोठी तिरपी झाली होती. नऊवारी कमरेपर्यंत चिखलानं भरलेल्या. मुखवटे मात्र कोरडे, हळदकुंकू तसंच. ते बघून शेजारच्या एकीनं हात जोडले आणि म्हणाली, देवीनंच वाचवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिसरा दिवस निरोपाचा असतो. वरच्या घरून दहीभात आला. ओल्या भिंतींमध्ये, चपला घालूनच, आम्ही अक्षता टाकल्या आणि मुखवटे जागचे हलवले. कोठ्यांतलं धान्य फेकावं लागलं. गाईलासुद्धा घालता येईना, गटाराचं पाणी होतं ते.

या सगळ्यात सासूबाई रडल्या नाहीत. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, सासऱ्यांचा गिरणीच्या कपड्यांतला एकुलता फोटो काचेला चिकटून फाटला, तरी नाही. रडल्या त्या काही दिवसांनी, कुरडयांच्या डब्यापाशी. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, गच्चीवर घातलेल्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक शिजवायचा, पहाटे सोऱ्यातून घालायच्या. डब्यात पाणी शिरून त्यांचा पुन्हा लगदा झाला होता आणि आंबट वास येत होता. त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात करू की, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मुलगा माझ्या आधी जाऊन त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसला, आणि तो काहीच बोलला नाही. मग मीही नाही बोलले.

मोठ्या नुकसानीचा आकडा असतो, त्याचा पंचनामा होतो. सरकारनं घरामागे दहा हजारांची मदत जाहीर केली. नदीच्या पात्रातल्या अडथळ्यांचा आणि तलावाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नागरिकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला. हे मला घरातल्या धीराइतकंच मोलाचं वाटतं. सोसणाऱ्या बाईचं कौतुक करून पाणी का आलं हा प्रश्न मागे टाकणं सोपं असतं. आमच्या घरात ते सासूबाईंनी होऊ दिलं नाही. आयुष्यभर ज्या शेजारणींकडे भाजी मागत आल्या, त्यांच्यासमोर त्यांनी ठणकावून सांगितलं की आपल्या पैशानं बांधलेल्या नाल्या साफ ठेवा हे मागायला लाज कसली.

नुकसानीचा अर्ज मुलानं लिहिला, त्यांनी सांगितला. सुरुवात त्यानं शाळेतल्या निबंधासारखी केली होती, देवीच्या कृपेनं जीव वाचला वगैरे.

"ते खोड," त्या म्हणाल्या. "कृपेचं मी देवीपाशी बोलीन. इथं लिही, किती वाजता पाणी आलं, कुठून आलं, आणि किती तास कोणीच आलं नाही."

त्यानं लिहिलं. मग यादी. फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन, गहू, ज्वारी, दोन नऊवारी.

"कुरडयांचा डबा."

"आजी, त्याला रकाना नाही आहे."

"खाली जागा आहे न? तिथं लिही. पाच किलो गव्हाच्या होत्या."