नितळ पाणी

2019 च्या उन्हाळी सुट्टीत आईला घेऊन मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेले होते. त्याच्या घरामागच्या अंगणात, लाकडी फळ्यांच्या ओट्यावर, गरम पाण्याचा एक टब आहे. पाच-सहा माणसे सहज बसतील एवढा. त्यावरचे जाड झाकण उचलले की वाफ वर येते आणि खाली निळसर तळ इतका स्पष्ट दिसतो, की मध्ये पाणी आहे याचा विसर पडावा. पहिल्या संध्याकाळी आई काठाशी उभी राहून म्हणाली, "काय नितळ पाणी आहे गं!" आणि लगेच तिने विचारले, "यात आधी कोण कोण बसून गेलंय?"

त्या दोन वाक्यांपाशी मी अजून घुटमळते आहे.

भावाने टब घेतला होता तो स्वतःच्या पाठदुखीसाठी. तिकडे लोक त्याला सरसकट 'जकुझी' म्हणतात. हे मुळात एका इटालियन स्थलांतरित कुटुंबाचे आडनाव. त्या कुटुंबातल्या एका बापाने संधिवाताने जखडलेल्या आपल्या मुलासाठी न्हाणीच्या टबात बसवायचा पंप तयार करवला आणि 1956 मध्ये तो बाजारात आला. हे ऐकल्यावर आईच्या गुडघ्यांनाही आशा वाटू लागली.

पुढे भाऊ कामानिमित्त आठवडाभर बाहेरगावी गेला आणि पाण्याची निगा माझ्याकडे आली. जाताना त्याने एक डबी हातात दिली. तीत कागदी पट्ट्या होत्या. रोज एक पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिच्यावर उमटलेले रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचे. मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 3 मिलिग्रॅम हवा. सामू 7 ते 7.8 च्या दरम्यान हवा. तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये. क्लोरीन आणि आम्ल ही दोन्ही औषधे कधीही एकत्र करायची नाहीत, कारण त्यातून विषारी वायू निघतो. गाळणी वेळच्या वेळी धुवायची. तीन-चार महिन्यांनी सगळे पाणी काढून टाकून टब नव्याने भरायचा.

हे सगळे रोज कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणून सामू चढतो आणि चढत्या सामूत उरलेला क्लोरीनही दुबळा होतो. शिवाय टबात उतरणारा प्रत्येक देह घाम, तेल, त्वचेचे कण घेऊन येतो आणि त्या प्रमाणात क्लोरीन खर्ची पडतो. आईला पाण्याचा उग्र वास आला की बरे वाटे. "औषध आहे पाण्यात," ती म्हणे. प्रत्यक्षात तो वास घामा-मूत्राशी संयोग पावलेल्या, म्हणजे जवळजवळ कामी आलेल्या क्लोरीनचा असतो. ज्याला आपण स्वच्छतेचा वास समजतो, तो बहुधा मळाचाच वास असतो.

एवढे सगळे ठाऊक असूनही दोन दिवस मी पट्टी बुडवली नाही. पाणी नितळ होते ना! तिसऱ्या दिवशी आईच्या पाठीवर आणि कमरेवर, ओले कपडे जिथे घट्ट बसले होते तिथे, लाल पुटकुळ्या उठल्या. धावत येऊन मी पट्टी बुडवली. क्लोरीनच्या रकान्यात रंगच उमटला नाही.

डॉक्टरांनी सांगितले, 'स्यूडोमोनास' नावाच्या जंतूचे हे काम. आठवडाभरात आपोआप जाईल. तसे ते गेलेही. पण त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले ते वेगळेच : ताप आहे का, खोकला, धाप? आईला दमा आहे. कोमट पाण्यात, विशेषतः नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात, 'लिजिओनेला' नावाचे जंतू वाढतात. ते त्वचेतून नव्हे, बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, श्वासावाटे फुफ्फुसात उतरतात. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या एका फुलांच्या प्रदर्शनात असा एक टब नुसता मांडून ठेवलेला होता. त्यात कोणी उतरले नव्हते. माणसे शेजारून फुले बघत गेली. त्यांतली तीसहून अधिक दगावली. हे वाचले त्या रात्री आईच्या श्वासाचा आवाज ऐकत मी जागी होते.

स्पर्श नाही, तरी बाधा. आणि आमच्या सगळ्या शुद्धाशुद्धतेचा आधार तर स्पर्श!

महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग मी दरवर्षी वर्गात शिकवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणा-गोमूत्राने शुद्ध होते, यातली विसंगती विद्यार्थ्यांना सांगताना माझा आवाज चढतो. एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितलेली नाही. आजोळच्या विहिरीपासून दूर घागर ठेवून एक बाई उभी राहत असे. मी आठ वर्षांची असताना तिच्या घागरीत पाणी ओतले आहे. "धार उंचावरून सोड गं," आजीने बजावले होते. मी सोडली, आणि पुण्य केल्याच्या आनंदात घरी आले. आईच्या त्या दुसऱ्या प्रश्नाने मी चमकले, कारण तो मला पाठ होता.

'नितळ' हा डोळ्यांचा शब्द आहे. 'शुद्ध' हा आपल्याकडे फार काळ धर्माचा शब्द राहिला. पाण्यात प्रत्यक्ष काय आहे, हे या दोहोंपैकी कोणीच सांगत नाही. पट्टी तेवढेच सांगते. कोण बसून गेले हे ती विचारत नाही. जे बसले त्या सगळ्यांचा मळ ती एकाच रकान्यात मोजते. त्या रकान्यात माझी आईही होती आणि मीही.

भाऊ परतल्यावर त्याने टब रिता केला, नळ्या साफ करणारे औषध फिरवून पुन्हा भरला. पट्टीवर नीट रंग उमटेपर्यंत कोणी त्यात उतरले नाही. नंतरच्या शनिवारी त्याने शेजारच्या निवृत्त जोडप्याला बोलावले. मी आईकडे पाहिले. ती नुकतीच न्हाऊन, अंग पुसत बाहेर आली होती. टबात उतरण्याआधी अंघोळ करायची, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. ती भावाला म्हणाली, "येऊ देत की. फक्त आधी अंघोळ करून या म्हणावं."

हे तिच्या सोवळ्यातून आले की पट्टीतून, मला ठरवता आले नाही. नियम मात्र बरोबर होता, आणि तो तिने आधी स्वतःला लावला होता.