आंजर्ल्याहून म्युनिकचं ऑफिस

दापोली

प्रिय मृणाल,

तू दिवाळीपर्यंत आंजर्ल्याला राहायला येतेयस हे वाचलं आणि पहिल्यांदा आईला हाक मारून सांगितलं. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन ऐन पावसात, म्हणजे तू जवळ असलेली बरीच. म्युनिकच्या ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली, फक्त नेट भरवशाचं हवं, तर कुठल्या कंपनीचं घेऊ, एवढंच तू विचारलंस. मी पुण्यातल्या फर्मचे हिशेब इथं दापोलीत बसून सांभाळते. महिन्याच्या वीस तारखेला नेट गेलं तर कुणाकुणाचं जीएसटीचं रिटर्न अडकतं हे मला पाठ आहे. त्यामुळे उत्तर लांबलचक येणार. चहा घेऊन बस.

आपल्या भागात कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी विचारायचं की वायर तुटली तर ती जोडायला कोण येणार, कुठून येणार आणि जुलैच्या पावसात येणार का. कोथरूडला जी कंपनी उत्तम चालते तिचंच कनेक्शन इथं रडत असतं, कारण तिथं वायर जमिनीखालच्या पाइपातून जाते आणि इथं महावितरणच्या खांबांवरून, काजूच्या फांद्यांमधून, कुणाच्या तरी माडाला वळसा घालून. बीएसएनएलचं भारत फायबरसुद्धा गावोगावी स्थानिक भागीदारांच्या हातूनच घरात येतं. पावती कुणाच्याही नावाची असो, शिडी घेऊन येणारा मुलगा गावातलाच असतो. तो कोण, त्याच्याकडे फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन स्वतःचं आहे की दुसऱ्या गावाहून मागवावं लागतं, हे विचार. मशीन स्वतःचं असेल तर सकाळी तुटलेली लाइन दुपारपर्यंत लागू शकते. मागवायचं असेल तर दोन-तीन दिवस गेले असं समज.

माझ्याकडे आधी एका मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं. चाललं तेव्हा झकास चाललं. आषाढात फांदी पडून वायर तुटली आणि मग रोज फोनवर तेच गोड उत्तर, तक्रार नोंदवली आहे, लवकरच सोडवू. फोनवरच्या मुलीला दापोली कुठल्या जिल्ह्यात आहे हेही ठाऊक नव्हतं, तिचा तरी काय दोष? आठवडा गेला. मी लॅपटॉप घेऊन मैत्रिणीच्या दवाखान्यात बसून काम केलं. आता ज्याचं घेतलंय तो बाजारपेठेतला केबलवाला. त्याचं दुकान मला माहीत आहे, आणि त्याला माझं घर माहीत आहे.

आता वायरीबद्दल थोडं, कारण इथंच खरी मेख आहे. जिथून सगळ्यांची फायबर निघते तिथं कंपनीचं एक यंत्र असतं. तिथून निघालेली एकच काडी वाटेत फाटे फुटत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत जाते. या फाट्यांना वीज लागत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. गावात लाइट नसली, पण तुझ्या घरात इन्व्हर्टर आणि त्यांच्या ऑफिसात जनरेटर असेल तर नेट चालू राहतं. पण काही ठिकाणी लांबचं अंतर गाठायला मध्येच कुणाच्या तरी पडवीत मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच बसवलेला असतो आणि तो त्या घराच्या विजेवर चालतो. त्या घरची लाइट गेली की पुढची सगळी वाडी बंद. तू कितीही महागडा इन्व्हर्टर घे, उपयोग नाही. म्हणून माणूस घरी आला की पहिलं विचार, ‘तुमच्या ऑफिसपासून माझ्या घरापर्यंत मध्ये कुठं विजेवर चालणारं काही आहे का?’ ज्याला काम कळतं तो लगेच सांगतो. जो गडबडतो त्याच्याकडून घेऊ नकोस.

कनेक्शन जोडल्यावर त्याला मोजणी दाखवायला सांग. त्यांच्याकडे छोटं मीटर असतं, प्रकाश किती पोचतोय ते डीबीएममध्ये दाखवतं. आकडा उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर आज नेट चालेल, पण पावसात सांधा जरा खराब झाला की घरातल्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागेल. वायर जास्त वाकली किंवा सांधा नीट बसला नाही तरी हा आकडा बिघडतो. तो कागदावर लिहून ठेव, पुढं भांडताना उपयोगी पडतो.

पावसाचं मी उगाच सांगत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू तिकडे होतीस. दापोली आणि मंडणगडच्या कितीतरी गावांत पुढचे काही आठवडे वीज नव्हती. खांबच आडवे झाले होते, आणि खांबांवरच्या फायबरही त्यांच्याबरोबर. टॉवरचं डिझेल आणि बॅटऱ्या संपल्यावर मोबाइलही मुके झाले. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. असं दरवर्षी होत नाही, पण छोट्या तुटी दरवर्षी होतात. वानरं वायरीवरून झोके घेतात, उंदीर कुरतडतात, रस्त्याच्या कामाचा जेसीबी खोल घुसतो. खोदण्याआधी केबलवाल्या कंपन्यांना कळवता यावं म्हणून सरकारनं 2023 च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं, ते चांगलंच आहे, पण गावातल्या गटाराचं काम घेतलेल्या मुकादमाकडे ते असेल यावर विसंबू नकोस.

विजा चमकायला लागल्या की राउटरचा अडॅप्टर भिंतीतून काढायची सवय काकूंना आतापासून लाव. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. यंत्र जळतं ते घरातल्या वायरिंगमधून आलेल्या झटक्यानं. मेअखेरीचा वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा सांभाळायच्या. तेवढ्यापुरता राउटर छोट्या यूपीएसवर चालतो, बारा व्होल्टचा तीन-चार तास पुरणारा मिळतो. लॅपटॉप, पंखा आणि राउटर मिळून दिवसभर चालवायचं तर दीडशे एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर घेच. त्यात काटकसर करू नकोस.

वायरीचा एवढा त्रास, मग टॉवरवरून हवेतून येणारं घेतलं तर? जिओ आणि एअरटेल दोघांनीही 2023 मध्ये एअरफायबर सुरू केलं. छतावर डबा बसवतात, खोदकाम नाही, खांब नाही. घरातून टॉवर सरळ दिसत असेल तर छान चालतं. पण तुमचं घर पडलं डोंगराच्या कुशीत, भोवती माड-पोफळी. शिवाय तो टॉवर गावातल्या सगळ्या मोबाइलनाही वाटून द्यायचा असतो. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की एकेका घरात पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या हातात फोन, आरतीचे व्हिडिओ चाललेले. त्या दिवसांत टॉवरवरचं नेट ओढत-ओढत चालतं. आणि तुझी मोठी रिलीज सप्टेंबरातच आहे ना? टॉवरवरचं नेट जोडीला ठेव, मुख्य म्हणून नको.

स्पीडच्या आकड्यांनी भुलू नकोस. तीनशे, पाचशे, सगळी जाहिरात. चांगल्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. तुला शंभरचा प्लॅन भरपूर होईल, अट एकच, अपलोडही शंभर हवं. काही प्लॅनमध्ये डाउनलोड शंभर आणि अपलोड दहा-वीस देतात, ते बारीक अक्षरात असतं. आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणायला सरकारी नियमानं 2 एमबीपीएस पुरतात, 2023 च्या आधी तर 512 केबीपीएस पुरत होते. म्हणजे नियमाच्या आधारानं तुला फारसं काही मागता येणार नाही, लेखी प्लॅनच्या आधारानं मागता येईल. किंमत विचारताना अठरा टक्के जीएसटी धरून विचार, आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरू नकोस. दोन महिने मोफत म्हणून लोक वर्षाचे भरतात आणि मग बिघाडात हात बांधले जातात. आधी महिन्याचं घे, एक पाऊस पाहा.

तुझ्यासाठी स्पीडपेक्षा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, महत्त्वाचा. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो आणि म्युनिक लांब आहे, त्यामुळे जाऊन यायला शंभर मिलिसेकंदांच्या वर लागणारच, ते कुठलीही कंपनी कमी करू शकत नाही. पण तो आकडा स्थिर हवा. एकदा एकशे तीस, एकदा चारशे असं झालं की बोलणं तुटतं आणि सगळे म्हणतात, मृणाल, यू आर ब्रेकिंग अप. तुमच्या उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे तुझं ऑफिस इथल्या साडेबाराला सुरू होऊन रात्री साडेआठला सुटणार. शेवटचे दोन तास नेमके सगळं गाव घरी येऊन मालिका आणि क्रिकेट लावतं तेव्हाचे. म्हणून नेटची परीक्षा सकाळी घेऊ नकोस. ज्याच्याकडे ते कनेक्शन आहे त्याच्या घरी संध्याकाळी सातला जाऊन बस, लॅपटॉपवर तासभर पिंग चालू ठेव आणि आकडे बघ. जोडणारे सकाळी येतात, तेव्हा सगळ्यांचंच नेट पळत असतं.

आणखी एक, हे कुणाच्याच हातात नाही. 2025 च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारत आणि युरोपमधलं नेट मंदावलं होतं. तसं झालं तर केबलवाल्यावर चिडू नकोस, साहेबाला सांग.

घराच्या आतलं मात्र तुझ्या हातात आहे. तुमच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. ओटीवर बसवलेल्या राउटरचं पाच गिगाहर्ट्झचं वायफाय माजघर ओलांडणार नाही, दोन पॉइंट चारचं कसंबसं पोचेल. तू माडीवर बसणार असशील तर राउटरपासून माडीपर्यंत कॅट सिक्सची वायर ओढून घे आणि लॅपटॉप वायरीलाच लाव. खर्च किरकोळ आहे, आणि लोक ज्याला नेट खराब म्हणतात त्यातलं बरंचसं भिंतींमुळेच असतं. सुतारकाम करणाऱ्याला भोक पाडायला सांगशील तेव्हा खिडकीच्या चौकटीतून पाड, चिऱ्यातून नको, पाणी झिरपतं.

गावात कुणाला विचारायचं तेही सांगते. दुकानदाराला नको, तो भाच्याचं नाव सांगेल. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्याला विचार. दाखले, सातबारा, अर्ज, त्याची सगळी कमाई नेटवर, त्यामुळे कुठली लाइन पावसात टिकते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग मुरुड-कर्द्याच्या होमस्टेवाल्यांना विचार, वायफाय बंद पडलं की पुण्याचे पाहुणे त्यांना झोपू देत नाहीत.

दुसरी लाइन घ्यायचीच. पण दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एका फांदीनं दोन्ही जातात. मागं बँडविड्थ एकाच मोठ्या कंपनीकडून घेतलेली असेल तरी तेच. दोघांनाही विचार, दापोलीत तुमची मुख्य लाइन कुठून येते, खेडकडून की मंडणगडकडून, आणि एक वाट बंद पडली तर दुसरीनं फिरते का. ते त्याला रिंग म्हणतात. रिंग असलेला सापडला तर महिन्याला दोनशे जास्त मागितले तरी दे.

तक्रारीची वाट माहीत असू दे. फोन केला की डॉकेट नंबर घ्यायचाच. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत जाता येतं, त्यानंतर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नकोस.

तर माझं मत असं. मुख्य लाइन गावातल्या केबलवाल्याची फायबर, वर लिहिलेले प्रश्न विचारून, महिन्याच्या बोलीवर. जोडीला दुसऱ्या कंपनीचं फाइव्ह-जी सिम, ज्याचा टॉवर माडीवरून दिसतो त्याचं. तशी सोय असलेल्या एकाच राउटरला दोन्ही लावले की एक गेलं तर दुसरं आपोआप चालू होतं. इन्व्हर्टर तू यायच्या आधी मी बसवून घेईन, काकूंशी बोलले आहे.

एक काम तुझ्याकडे. तुमच्या आयटीवाल्यांना आजच विचार, त्यांच्या व्हीपीएनला ठरावीक आयपी लागतो का. इकडे बहुतेकांना शेकडो ग्राहकांत वाटलेला आयपी मिळतो, आणि ऑफिस ओळखीच्याच आयपीला आत घेणारं असेल तर स्टॅटिक आयपी वेगळे पैसे भरून आधीच मागावा लागतो. त्यांचं उत्तर आलं की मला कळव. झडी लागायच्या आत, मिरगाच्या आधी वायर ओढून घ्यायची आहे.

तुझी,
सुजाता