दूरचित्रवाणीवरील परिचारिका

ज्या धंद्याशीं आपला प्रत्यक्ष संबंध येत नाहीं, त्याविषयींचें आपलें मत बहुधा कथाकारच बनवितात. खलाशी कसा असतो, हें समुद्र न पाहिलेल्या मुलास गोष्टीच्या पुस्तकांतून कळतें. वकील कसा बोलतो, हें न्यायालयाची पायरी न चढलेल्या गृहस्थास चित्रपट शिकवितो. अशा मतांनीं बहुतेक वेळां कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु कांहीं धंदे असे आहेत कीं, त्यांविषयींच्या लोकमताचा परिणाम माणसांच्या प्राणांपर्यंत जाऊन पोहोंचतो. परिचारिकेचा धंदा हा त्यांपैकींच एक होय. आमच्या घरीं रात्रीचें जेवण आटोपल्यावर रुग्णालयांच्या इंग्रजी मालिका पाहण्याचा परिपाठ कित्येक वर्षें चालत आला आहे. वरच्या वर्गांतील आमचे विद्यार्थीही त्या आवडीनें पाहतात, हें त्यांच्या बोलण्यावरून आमच्या ध्यानांत येतें. तेव्हां या मालिकांतून परिचारिकेचें जें चित्र उमटतें, तें कितपत पुरें आहे, याचा थोडा विचार येथें केल्यास तो अप्रस्तुत होणार नाहीं.

हें चित्र रंगविण्याचा आरंभ दूरचित्रवाणीनें केला असें मात्र नाहीं. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें १८४३-४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरींत सेरी गँप नांवाची एक मद्यपी व निष्काळजी बाई रंगविली, आणि पुढें बरींच वर्षें तिचें नांव वाईट परिचारिकेस लावण्यांत येऊं लागलें. त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं, १८५४ सालीं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई क्रिमियाच्या युद्धांतील शिपायांच्या शुश्रूषेसाठीं तुर्कस्तानांतील स्कुटारी येथें गेल्या. आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवानें जमलेल्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली. गँपबाईच्या जागीं लोकांच्या मनांत हातीं दिवा घेतलेली एक दयाळू मूर्ति येऊन बसली. हा पालट मोठा खरा. तथापि या दुसऱ्या चित्रांतही एक उणीव राहून गेली. नाइटिंगेल बाईंनीं सैनिकांच्या मृत्यूंचे आंकडे जमविले, त्यांच्या रंगीत आकृत्या काढल्या, आणि लढाईंतील जखमांपेक्षां रोगराईनेंच अधिक शिपाई दगावले, हें सरकारास दाखवून दिलें. परंतु दिव्याचें चित्र तेवढें घरोघर गेलें आणि आंकडे मागें राहिले. परिचारिकेची दया जगानें ओळखली. तिचें ज्ञान ओळखावयाचें राहिलें.

दूरचित्रवाणीनें ही उणीव भरून काढली काय? अमेरिकेंत १९९४ पासून २००९ पर्यंत चाललेली 'ईआर' ही शिकागो शहरांतील एका रुग्णालयाची मालिका घ्या. तींत कॅरल हॅथवे ही परिचारिका मोठी कर्तबगार दाखविली आहे. ती वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा देते, तींत उत्तम उतरते, आणि तरीही परिचारिकाच राहण्याचें ठरविते. हा प्रसंग आम्हांस फार आवडला. परंतु त्याच मालिकेंतील ॲबी लॉकहार्ट ही परिचारिका पुढें डॉक्टर होते, आणि तेव्हां कोठें तिच्या आयुष्याचें सार्थक झालें, असा ग्रह प्रेक्षकांच्या मनावर सहज बसतो. २००४ ते २०१२ या काळांत चाललेल्या 'हाउस' या मालिकेंत तर रुग्णाचें रक्त काढणें, सलाईन लावणें, त्यास तपासणीच्या यंत्रांत नेणें, त्याच्या उशाशीं बसून राहणें, हें सारें डॉक्टरच करतात. परिचारिका मागून कोठें तरी जातां-येतां दिसते इतकेंच. २००५ सालीं सुरू झालेल्या 'ग्रेज ॲनाटमी' या मालिकेंतही शस्त्रवैद्यांनाच प्राधान्य आहे. २००९ ते २०१५ पर्यंतच्या 'नर्स जॅकी'ची नायिका परिचारिका खरी, कामांत निष्णातही खरी; पण ती वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनांत बुडालेली दाखविली आहे.

सर्वच मालिका अशा आहेत असें म्हटल्यास मात्र अन्याय होईल. इंग्लंडांत १९८६ सालीं सुरू झालेल्या 'कॅज्युअल्टी' या मालिकेंत चार्ली फेअरहेड या पुरुष परिचारकाची भूमिका डेरेक टॉम्प्सन या नटानें २०२४ पर्यंत वठविली. पुरुषही या धंद्यांत आयुष्य वेंचतो, हें त्यामुळें घरोघर दिसलें. २०१२ सालीं सुरू झालेली 'कॉल द मिडवाइफ' ही मालिका जेनिफर वर्थ या परिचारिकेच्या आठवणींवरून रचलेली आहे. लंडनच्या पॉप्लर या गरीब वस्तींत, १९५० नंतरच्या दशकांत, ख्रिस्ती भगिनी व तरुण सुइणी सायकलींवर बसून घरोघर बाळंतपणें करीत जात, त्यांची ती हकीकत आहे. आमच्या शाळेच्या वाचकांस ती विशेष जिव्हाळ्याची वाटेल. २०२५ सालीं आलेल्या 'द पिट' या मालिकेंत पिट्सबर्ग येथील तातडीच्या विभागाचीं सारीं सूत्रें डेना एव्हान्स या प्रमुख परिचारिकेच्या हातीं आहेत. चिडलेल्या एका रुग्णाच्या हातचा मारही तिला खावा लागतो. ही भूमिका करणाऱ्या कॅथरिन लनासा या नटीस त्याच वर्षीं एमी पारितोषिक मिळालें.

इतकें असूनही, परिचारिकेच्या कामाचा जो गाभा, तो पडद्यावर क्वचितच येतो, असें आमचें मत आहे. तो गाभा म्हणजे पहारा. हें आम्हांस एका घरगुती प्रसंगावरून नीट समजलें. मध्यंतरीं आमच्या मातोश्रींच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. ती उत्तम पार पडली; आप्तेष्ट भेटून गेले. तिसऱ्या रात्रीं रात्रपाळीची सिस्टर आली आणि मातोश्रींचें मनगट हातांत धरून घड्याळाकडे पाहत उभी राहिली. ती नाडी तर मोजीतच होती. परंतु नाडी मोजून झाल्यावरही तिनें मनगट सोडलें नाहीं. त्या अवधींत ती श्वास मोजीत होती. आपला श्वास कोणी मोजीत आहे असें कळलें कीं रुग्णाचा श्वास नकळत बदलतो, म्हणून परिचारिका अशी युक्ति करतात. सायंकाळीं मिनिटास अठरा असलेले श्वास मध्यरात्रीं चोवीस झाले आणि दोनच्या सुमारास अठ्ठावीस. मातोश्री म्हणत होत्या, "सिस्टर, मी बरी आहें, मला निजूं द्या." ताप नव्हता; तक्रार नव्हती. पण तिनें डॉक्टरांस फोन केला, आणि थोड्या वेळानें पुन्हां केला. डॉक्टर आले. पोटांत पू होऊं लागला होता. त्याच रात्रीं उपचार सुरू झाले, आणि बाराव्या दिवशीं मातोश्री घरीं आल्या. दुसऱ्या रात्रीं आम्हीं त्या सिस्टरचे आभार मानले, तेव्हां ती म्हणाली, "आजींचा श्वास वाढत होता, एवढेंच." असें म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली, त्या वॉर्डांत तिच्याकडे आणखी पुष्कळ खाटा होत्या.

हा प्रसंग मालिकेंत आला असता तर कसा आला असता, याचा आम्ही पुढें पुष्कळदां विचार केला. मालिकेला हृदयक्रिया बंद पडावी लागते, घंटा वाजाव्या लागतात, धांवपळ व्हावी लागते. अमेरिकेंतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत १९९६ सालीं एक अभ्यास छापून आला. तीन मालिकांच्या ९७ भागांत छाती दाबून हृदय पुन्हां चालू करण्याचे ६० प्रसंग आढळले, आणि त्यांपैकीं शेंकडा ७५ रुग्ण तत्काळ वांचलेले दाखविले होते. खऱ्या रुग्णालयांत एवढें यश येत नाहीं. म्हणून शहाणपण यांत आहे कीं, तो प्रसंगच येऊं देऊं नये. रुग्णाची प्रकृति ढासळण्यापूर्वीं बहुधा कांहीं तास तरी त्याच्या श्वासांत, नाडींत, रक्तदाबांत, लघवीच्या प्रमाणांत वा बोलण्यांत खुणा उमटूं लागतात. त्या खुणा ओळखणें, कोणतें औषध कोणास किती व केव्हां हें पुनःपुन्हां ताडून पाहणें, अंथरुणास खिळलेल्याच्या पाठीस क्षतें पडूं नयेत म्हणून त्यास वेळच्या वेळीं कुशीवर वळविणें, हें परिचारिकेचें काम. तें यशस्वी झालें म्हणजे कांहींच घडत नाहीं. आणि जें घडलें नाहीं, त्याचें नाटक कोण करणार? यांत नाटककाराचा दोष नाहीं. पण प्रेक्षकानें ही मर्यादा ओळखली पाहिजे.

ती न ओळखल्यास काय होतें? जें काम दिसत नाहीं, त्यासाठीं माणसें व पैसा देण्यास कोणी राजी होत नाहीं. लिंडा एकेन या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेकडे जितके रुग्ण सोंपविलेले असत, त्यांत आणखी एकाची भर पडली कीं, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत दगावण्याची शक्यता शेंकडा ७ नें वाढलेली आढळली. हा आंकडा वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें तो वॉर्ड उभा राहिला. त्या सिस्टरकडे आणखी चार खाटा अधिक असत्या, तर तीं मनगटें इतका वेळ धरावयास तिला सवड मिळाली असती काय? कॅलिफोर्निया राज्यानें १९९९ सालीं कायदा करून एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याची मर्यादा घातली, व २००४ पासून ती अमलांत आणली. तेथील परिचारिकांनीं आपलें काम लोकांस समजावून सांगितलें, म्हणूनच हें साधलें.

आतां पालकांस दोन शब्द. एखादी हुषार मुलगी नर्स होईन म्हणते, तेव्हां "इतके गुण असतांना नर्स कशाला? डॉक्टर हो," असें उत्तर तिला घरीं मिळतें. तिला डॉक्टर व्हावयाचें असेल तर तिनें अवश्य व्हावें. परंतु परिचारिका ही अर्ध्या वाटेवर थांबलेली डॉक्टर नव्हे. आपल्या देशांत बारावीनंतर परिचर्येच्या पदवीस चार वर्षें लागतात, आणि त्यांत शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र इत्यादि विषय शिकावे लागतात. आपण या धंद्यास 'सेवा' म्हणतों, तें योग्यच आहे. मात्र सेवा म्हटली कीं तिला शिक्षण नको, विश्रांति नको आणि पुरेसें वेतनही नको, असें मानण्याची आपली खोड सोडून दिली पाहिजे. मुलांनींही हें काम केवळ बायकांचें समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें जगांत सुमारें २ कोटी ७९ लक्ष परिचारिका व परिचारक होते, व त्यांत पुरुष शेंकडा १० च्या आसपास होते.

आमच्या शाळेंत दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या मनुष्यानें कांहीं चमत्कार केला नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्यांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमी माणसास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें आणि तेथें त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशीं निघतांना पुढील शुश्रूषेसाठीं त्यानें उतारशाळेच्या रक्षकास दोन नाणीं दिलीं, व अधिक खर्च लागल्यास तोही परत येतांना देण्याचें वचन दिलें. या दोन नाण्यांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. काळजी घेण्यास मन लागतें, तसा खर्चही लागतो, आणि तो कोणी तरी भरावा लागतो, हें त्या दृष्टांतांत स्पष्ट सांगितलेलें आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, मालिका खुशाल पाहाव्या. पण त्यांतील एखादा रुग्ण वांचला म्हणजे, रात्रभर त्याचा श्वास कोणीं मोजला असेल, हें आपल्या मनास विचारावें. आणि जेव्हां घरांतील कोणासाठीं रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग येईल, तेव्हां तेथील सिस्टरला तिचें नांव विचारावें, आणि आज तिच्याकडे किती खाटा आहेत, हेंही विचारावें.