पारा आणि वारा

चैत्र सरत आला की तिवसा तालुक्याच्या शिवाराचा रंग उतरतो. कापूस वेचून झालेला असतो, तूर निघालेली असते, गहू-हरभरा घरात आलेला असतो. वावरात उरते ती करडी पऱ्हाटी, तुरीची धसकटे आणि काळ्या मातीला पडलेल्या हातभर खोल भेगा. धुऱ्यावरचे गवत आधी पिवळे होते, मग पांढरट, आणि वैशाखात त्याचा आवाजसुद्धा बदलतो. पाय पडला की ते मोडते, वाकत नाही. पूर्वेला कौंडण्यपुराजवळून वाहणाऱ्या वर्धेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक दिसू लागते. दुपारचे रस्ते ओस, माणसांच्या तोंडाला दुपट्टे, निंबाच्या सावलीत गुरे. आणि संध्याकाळ झाली की साऱ्या वऱ्हाडाचा एकच प्रश्न: आज किती? अकोला पुढे गेले की अमरावती, चंद्रपूर की वर्धा, याची चर्चा सामन्याच्या धावसंख्येसारखी रंगते. या प्रश्नात गैर काही नाही. मात्र ज्या आकड्यावर उन्हाळ्याचा सारा हिशेब आपण सोडून देतो, तो आकडा अर्धेच सांगतो. पारा किती चढला हे कळते. वारा किती वाहणार, हवा किती कोरडी असणार आणि त्या दोघांच्या भरीला पडून एक ठिणगी कुठवर जाणार, हे कळत नाही. वऱ्हाडाला या उरलेल्या अर्ध्या अंदाजाची गरज आहे.

आधी त्या आकड्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत ठेवलेला असतो. म्हणून अकोल्याचे 45 अंश हे सावलीतले 45 अंश असतात; वखरामागे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे ऊन त्यात मोजलेले नसते. तरीही सगळीकडे एकाच रीतीने मोजल्यामुळे गावागावांची, वर्षावर्षांची तुलना करता येते. सपाट प्रदेशात पारा 40 अंशांवर असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, किंवा थेट 45 वर पोचला, की उष्णतेची लाट. 47 गाठले की तीव्र लाट. हा आकडा प्रशासनाला हलवूही शकतो. 24 मे 2024 रोजी अकोल्यात 45.8 अंश नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत जमावबंदीचे कलम 144 लागू केले. कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे द्या, खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असे त्यात बजावले होते. मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेल्यानंतर अहमदाबादने धडा घेतला आणि 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. नागपूरनेही पुढे तसा आराखडा हाती घेतला. अंदाजाला ठरलेली कृती जोडली की जीव वाचतात, हे त्यामागचे सूत्र. प्रश्न एवढाच की ही कृती एकट्या पाऱ्याला का बांधायची?

वऱ्हाडाचे ऊन कसे घडते ते पाहिले की हा प्रश्न आपोआप उभा राहतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर; त्याचा दमट हात इथवर पोचत नाही. जमिनीत ओल असेल तर सूर्याची बरीच शक्ती ती ओल उडवण्यात खर्ची पडते. वैशाखातल्या काळ्या मातीत उडवायला ओलच नसते, म्हणून ती सारी शक्ती माती आणि हवा तापवते. त्यावर राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडून येणारा वायव्येचा कोरडा वारा. पहाटे हवा थबकलेली असते. दहा-अकरानंतर जमीन तापते, खालची हवा वर उसळते, वरचा वेगवान वारा खाली उतरतो आणि वावटळी शिवारभर फिरू लागतात. दुपारी तीनच्या सुमारास पारा शिखरावर, दमटपणा तळाला आणि वारा भरात, असे तिन्ही एकत्र येतात. त्वचेच्या तापमानापेक्षा हवा तापली की वारा अंगाला गारवा देत नाही, उलट उष्णता आणून ओततो. झळ म्हणतात ती हीच. विदर्भात वाळ्याचा कूलर घर गार करतो आणि मुंबईत तो नुसता घाम आणतो, कारण इथली हवा पाणी पिऊन टाकायला टपलेली असते. तीच हवा धुऱ्यावरच्या गवतातले पाणीही पिते. बारीक गवताला वाळायला दिवस लागत नाहीत. भोवतालची हवा कोरडी झाली की तासा-दोन तासांत ते पेट घेण्याजोगे होते. म्हणजे ज्या दुपारी कूलर सगळ्यात छान चालतो, त्याच दुपारी शिवार सगळ्यात सहज पेटते. पाऱ्याच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

एकटा आकडा किती फसवा असतो याचा दाखला दूरच्या देशात आहे. 7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात 46.4 अंश तापमान नोंदले गेले. वऱ्हाडी माणसाला या आकड्याचे अप्रूप वाटणार नाही. असे दिवस त्याने सोसलेले आहेत. पण त्या दिवशी व्हिक्टोरिया प्रांतात वणव्यांनी 173 माणसांचा बळी घेतला. तिथे निलगिरीची रानेच्या राने वाळून उभी होती, दमटपणा दहा टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होते. संध्याकाळी वाऱ्याची दिशा फिरली आणि आगीची लांबच लांब बाजू हीच तिचे तोंड होऊन बसली. पारा आपल्याइतकाच, अनर्थ मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा. फरक वाऱ्याचा आणि जळणाचा. त्या देशात 1960 च्या दशकापासून तापमान, दमटपणा, वारा आणि कोरडेपणा एकत्र करून आगीच्या धोक्याची पातळी सांगितली जात होती. 2009 नंतर त्यांनी तिच्यात सर्वांत वरची पायरी वाढवली, आणि त्या पायरीचा अर्थ सोपा ठेवला: आज इथे थांबू नका.

आपल्याकडे निलगिरीची तशी रानेही नाहीत आणि तसे वारेही क्वचित. पण जळण आहे आणि काडी ओढणारे हातही आहेत. खरिपाच्या तयारीत धुरे पेटवले जातात, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग जाळले जातात, लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून ठिणग्या पाडतात. एका धुऱ्याची आग दुसऱ्याच्या कुटाराच्या गंजीवर, तिथून गोठ्यावर, ठिबकच्या नळ्यांवर जाते. संत्र्याचा मृग बहार धरायचा तर बागेचे पाणी उन्हाळ्यात तोडावे लागते. ताणावर सोडलेली ती बाग आगीच्या हंगामातच सगळ्यात कोरडी असते. उत्तरेकडच्या मेळघाटात या धोक्याला निदान हंगाम म्हणून मान्यता आहे. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा काळ वणव्याचा मानते, जाळरेषा काढते, हंगामी मजूर नेमते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे वनकर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर पाठवते. पण ही सारी व्यवस्था जंगलाची हद्द डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली. हद्दीबाहेरच्या वावराला वणव्याचा हंगाम नाही, इशारा नाही. तिथे आग लागते आणि मग पंचनामा होतो.

यावर पहिला आक्षेप असा की आगी माणूस लावतो, हवामान नाही. मग अंदाज काय कामाचा? काडी माणूसच ओढतो, हे खरे. पण त्या काडीचे पुढे काय होणार हे हवा ठरवते. पहाटेच्या थंड, थबकलेल्या हवेत पेटवलेला धुरा धुऱ्यातच विझतो. दुपारी तीनला पेटवलेला तोच धुरा चार वावरे ओलांडतो. मेळघाटच्या उतारावर तर आग चढणीला आणखी धावते. दर दहा अंश चढामागे तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा अग्निशास्त्राचा ठोकताळा आहे. माणसाच्या हातात काडी आहे म्हणूनच अंदाजाचा उपयोग आहे. आकाशातून पडणाऱ्या विजेला थोपवता येत नाही; शेतकऱ्याला मात्र सांगता येते की आज नको, परवा सकाळी पेटव.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकरी हौसेने जाळत नाही. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत आणि अर्धवट उमललेल्या बोंडांत मुक्काम करते, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी नष्ट करा, फरदड घेऊ नका, असे कृषी विभागच सांगतो. मजुरी परवडत नाही, यंत्र वेळेवर मिळत नाही, पेरणीच्या तारखा पुढ्यात असतात. हे सारे मान्य. पऱ्हाटीचा चुरा करून मातीत घालणे किंवा तिचे कंपोस्ट करणे हे अधिक शहाणपणाचे, पण ते प्रत्येकाला उद्याच जमणार नाही. म्हणूनच सरसकट बंदीपेक्षा अंदाज अधिक माणुसकीचा ठरतो. बंदी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवते आणि लपूनछपून, घाईने, भलत्या वेळी जाळायला लावते. अंदाज त्याला वेळ निवडू देतो.

तिसरा आक्षेप परंपरेचा. रोहिणी नक्षत्र लागले की मेअखेरीस नवतपा येतो, तो तापला तर पाऊस चांगला, हे आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. त्यांना कुणी अंदाज दिला? पण नक्षत्र ऋतूचा कल सांगते, मंगळवारी दुपारी वारा कसा असेल ते सांगत नाही. शिवाय ज्या शिवारासाठी ते शहाणपण घडले ते शिवारही बदलले आहे. घरोघर बैल होते तेव्हा धुऱ्यावरचे गवत कापून गोठ्यात जाई. ट्रॅक्टर आले, गुरे घटली, आणि गवत उभ्या उभ्या वाळू लागले. वावरात ठिबक आले, तारा आल्या, आणि आग लागल्यावर हाकेला धावणारी माणसे कमी झाली. परंपरेत जे टिकाऊ आहे, म्हणजे शेजाऱ्याला सांगून, भोवती नांगराचे तास काढून, सकाळच्या प्रहरी जाळण्याची रीत, त्याला नव्या अंदाजाची जोड मिळाली तर बिघडत काहीच नाही.

अंदाज चुकतात, हा शेवटचा आक्षेप. चुकतात, वळवाच्या ढगांखालून अचानक सुटणारा वारा अजूनही भल्याभल्यांना चकवतो. पण चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. धोका सांगितला आणि वारा आलाच नाही, तर धुरा एक दिवस उशिरा जळेल. गवत काही पळून जात नाही. सांगितलेच नाही आणि वारा आला, तर शेजाऱ्याचा गोठा जाईल. अट एवढीच की इशारा थोडक्या, खरोखर वाईट दिवसांसाठी राखून ठेवावा. रोजच लाल रंग दाखवला तर चौथ्या दिवशी तो कुणाला दिसेनासा होतो.

यासाठी नवे डोळे बसवायला नकोत. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळागणिक दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पावसासोबत तापमान, दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि दिशाही ती नोंदवतात. पीकविम्याच्या वादात आपण त्यांतला पाऊस शोधतो, वारा तसाच पडून राहतो. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचा अंदाज देतेच. या दोन्हींतून फाल्गुन ते मृग या काळात तालुक्यासाठी एक वाक्य काढता येईल: उद्या दुपारी वारा आणि कोरडेपणा दोन्ही अधिक, धुरे-पऱ्हाटी पेटवू नका, किंवा, उद्या सकाळी आठपर्यंत हवा शांत. ते वाक्य गावात पोचवायला ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, कोतवालाची दवंडी आहे. आणि तिवसा तालुक्यात तर गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी इथूनच गावाने एकत्र बसून गावाचा विचार करण्याचा आग्रह धरला. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेली ग्रामगीता त्याचेच शास्त्र सांगते. गावोगावच्या सायंकालीन सामुदायिक प्रार्थनेनंतर उद्याच्या वाऱ्याचे एक वाक्य वाचले जाणे त्या विचाराला धरूनच होईल.

उन्हापासून ज्याने त्याने आपापला बचाव करावा, अशी आपली रीत आहे: डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात पन्हे. वैयक्तिक बचावाला पाऱ्याचा आकडा पुरतो. आग मात्र सातबारा पाहून थांबत नाही. धुरा हा दोन वावरांच्या मधला असतो, दोघांचाही असतो, आणि त्याला काडी लावण्याचा निर्णय एकट्याचा राहू शकत नाही. म्हणून वाऱ्याचा अंदाज ही शेतकऱ्यावर करायची मेहेरबानी नाही. रस्ता आणि पाणी यांच्याप्रमाणे ती गावाची सामाईक गरज आहे, आणि ज्या यंत्रणेजवळ वाऱ्याच्या नोंदी आहेत तिच्याकडे ती हक्काने मागितली पाहिजे.