गाढवावरचा राजा

आमच्या खामगावाकडे माड नाहीत. म्हणून झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीची पाने हाती घेऊन 'होसान्ना' म्हणत चालतो. 'कृपा करून तार' हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आम्हांस फार उशिरा कळला.

आपल्याकडे गाढवावरून निघते ती धिंड; मिरवणुकीला घोडा हवा, हत्ती हवा. जखऱ्याच्या भाकितातील राजा मात्र लीन होऊन शिंगरावर बसून येतो. त्याच्या पदरी ना फौज, ना वसुली. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तो उमगला असावा. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

यंदा उपासना संपली आणि बांधाच्या वादावरून सहा वर्षे अबोला धरलेला धाकटा भाऊ दारात भेटला. आमच्या ओठांवर जयजयकार होता, मनात सातबारा. काय बोलावे ते सुचेना. हातातले शिंदीचे पान तेवढे त्याच्या हाती दिले. त्याने ते घेतले. बांध अजून तिथेच आहे. परंतु त्या राजाच्या राज्याची हद्द आमच्या शेतापर्यंत येते, हे त्या दिवशी प्रथमच मान्य करावे लागले.