घरगुती पेशी

जी वस्तू बाजारात आयती मिळते ती घरी करून पाहण्याची हौस दोघांनाच : आमच्या काकूंना आणि शास्त्रज्ञांना. काकू फार तर फणसाच्या पापडापर्यंत पोचतात. शास्त्रज्ञ आता पेशी करायला बसले आहेत! एकट्या आमच्या अण्णांच्या देहातच तीसेक लाख कोटी पेशी असतील; पण आयत्यात गोडी नाही.

ही बातमी भाट्याला आणली काकूंच्या नातवाने. तो पुण्याला संशोधन करतो. भाट्यात संशोधन म्हणजे नारळ. १९५५ पासून इथे नारळ संशोधन केंद्र आहे. त्यामुळे अण्णांनी आधी विचारले, "कुठल्या जातीचा?"

"नारळ नव्हे, पेशी. तिला आतून सांगाडा लागतो."

"हाडं?"

"नाही हो. धागे. बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे."

"मग मांडव म्हण की!"

नातू खूश झाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रॉनित फ्रीमन यांच्या मंडळींनी २०२४ मध्ये हेच केले म्हणे. तेलात पेशीएवढे पाण्याचे थेंब घेतले. आत प्रथिनांच्या तुकड्यांचे बांबू आणि बांधायला डीएनएचा सुंभ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा सुंभ नुसता तापवला की पीळ सोडतो. गाठी सुटतात आणि थेंबाचा आकार बदलतो.

"पण मेल्या, हे कशाला?" काकूंनी विचारले. "देवाच्या पेशी पुरत नाहीत?"

नातू जरा थांबला. "आजी, मुंबईला तुला टॅक्सॉल दिलं ना? ते मांडव उतरूच देत नाही. कर्करोगाच्या पेशीला एकाच्या दोन व्हायचं तर जुने धागे सोडून नवे बांधावे लागतात. ते अडलं की ती मरते. पण चांगल्या पेशींचंही अडतं, म्हणून तुझे केस गेले. एक साधी पेशी आपल्या हातांनी बांधली, तर कुठला बांबू कशासाठी ते नेमकं कळेल."

कोणी बोलेना. काकूंनी नव्याने आलेल्या आखूड केसांवरून हात फिरवला. मग अण्णांकडे वळल्या. अंगणात कायमचा पत्रा घालायचा अण्णांचा बेत दोन वर्षे शिजतो आहे.

"ऐकलंत? पत्रा नको. मांडवच घाला. दर दिवाळीनंतर घालायचा आणि पावसाआधी उतरवायचा. जिवंत घराचं तेच लक्षण!"