एका वर्षाची मुदत

नवे वाहन घरी आले की धर्मगुरूंना बोलावून त्यावर आशीर्वाद मागण्याची आपल्याकडे रीत आहे. मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ चढते, पवित्र पाण्याचे चार थेंब काचेवर पडतात, आरशाला रोझरी लटकते आणि शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. जुन्या वाहनासाठी मात्र कोणी प्रार्थना सांगत नाही. ते एके दिवशी उभे राहते. आधी आठवडाभर, मग पावसाळाभर. पुढे त्याच्यावर रिकाम्या गोणी, मोडकी फवारणीची टाकी, नाताळच्या गोठ्याचे खोके अशा वस्तू साठत जातात. ते उभे करताना ‘आता हे टाकून द्यायचे’ असे कोणीही ठरविलेले नसते. टाकून देण्यासाठी निर्णय लागतो. उपेक्षेला तोही लागत नाही.

आमच्या मामांची मोटार वसईतील त्यांच्या वाडीत, जुन्या गोठ्यात, २००३ सालापासून अशीच उभी होती. मामांची दृष्टी अधू झाली आणि त्यांनी किल्ली खुंटीला अडकविली ती कायमचीच. २०२२ साली ते देवाघरी गेले. त्यानंतर मामींनी ती मोटार आम्हां पतिपत्नींना देऊ केली, पण ती भेट म्हणून नव्हे. गोठ्याची जागा त्यांना नातवाच्या खोलीसाठी हवी होती आणि भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. “पुढच्या ईस्टरपर्यंत ठेवा. चालली तर तुमची, नाही तर त्याची,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मायाही नव्हती, आणि त्याचे कारण त्या मोटारीच्या घडणीतच होते. तिला दोनच आसने. १९७४ साली देश सोडून निघालेल्या एका परदेशी गृहस्थाकडून मामांनी ती विकत घेतली, तेव्हा मामी नव्याने सासरी आलेल्या होत्या. पुढे तीन मुले झाली. रविवारी मामी दोघांना घेऊन एसटीने मिस्साला जात आणि तिसरे मूल पाळीपाळीने बापाशेजारी बसे. मामींची पाळी कधी आलीच नाही.

मोटार एमजीबी जातीची, १९६६ सालची. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. उघड्या टपाची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून धावणारी ही गाडी ऐन उमेदीत ताशी शंभर मैलांचा वेग सहज गाठत असे. आम्हां दोघांना मोटारीविषयी जी माहिती होती ती प्रवाशाची. पाना आणि पक्कड यांतील फरक सांगता येई, एवढीच आमची पात्रता.

आमच्या साहाय्यास आले ते सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री. त्यांचे आयुष्य सरकारी अँबॅसेडर गाड्या दुरुस्त करण्यात गेलेले. स्पोर्ट्स मोटार त्यांनी कधी हाताळली नव्हती. पण बॉनेट उघडून त्यांनी क्षणभर आत पाहिले आणि ते हसले. “ही तर आमच्या अँबॅसेडरची बहीण. नटूनथटून आलीय, एवढंच.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ सालापर्यंत बनत राहिलेल्या अँबॅसेडरला ज्या १४८९ सीसीच्या एंजिनाने दीर्घकाळ ओढले, ते आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे एंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ कुळातील भावंडे. एका बहिणीच्या नशिबी कलेक्टरसाहेबांची ने-आण आली, दुसरीच्या नशिबी समुद्रकाठची हवा.

मिस्त्रींचा पहिला आदेश मात्र आमच्या उत्साहावर पाणी ओतणारा होता. “हिला चालू करायचं नाही.” वाडीतील तरुण मंडळी धक्का मारायला बाह्या सरसावून उभी होती. बॅटरी जोडा, किल्ली फिरवा, बघू तरी, असा सर्वांचा धोशा चालला होता. मिस्त्रींनी सर्वांना बाजूला केले आणि जे समजावून सांगितले ते आमच्या कायमचे स्मरणात राहिले. वीस वर्षे उभ्या असलेल्या एंजिनातील तेल ओघळून तळाशी जाते. सिलिंडरच्या कोरड्या पडलेल्या भिंतींवर गंज धरतो आणि पिस्टनची कडी त्याला चिकटून बसतात. अशा वेळी जोराने फिरविले तर कडी तुटतात, भिंती ओरबाडल्या जातात. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. तो कार्ब्युरेटरच्या बारीक वाटा बुजवून टाकतो. “उभी राहून गाडी मरत नाही,” ते म्हणाले, “घाईनं चालू करताना मरते.”

म्हणून आम्ही चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून मिस्त्रींनी दोन्ही हातांनी हलका भार दिला. काही झाले नाही. पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या खेपेस पाना बोटभर सरकला. बोटभरच, पण त्या रात्री आम्हां दोघांना नीट झोप लागली नाही.

यानंतर एंजिनाकडे वळायचे, अशी आमची समजूत होती. मिस्त्री वळले ब्रेककडे. जी गाडी थांबविता येत नाही ती चालविण्याचा अधिकार कोणाला नाही, हा त्यांचा नियम. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि वसईच्या खाऱ्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पुढच्या डिस्क ब्रेकचे पिस्टन जागीच गंजले होते. मागच्या ड्रमच्या पट्ट्या ड्रमला चिकटल्या होत्या. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसत, पण आतून सुजून त्यांची वाट बंद झाली होती. अशा नळीतून पायाच्या जोराने तेल पुढे जाते खरे, पण पाय काढल्यावर मागे येत नाही, आणि चाक धरलेलेच राहते. सगळ्या नळ्या, सगळे रबर बदलावे लागले. उत्पादन १९८० साली थांबलेल्या या गाडीचे बहुतेक सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. तिचा सबंध सांगाडासुद्धा तेथे १९८८ पासून पुन्हा घडविला जाऊ लागला. तिच्यावर जीव लावणाऱ्यांनी तिला सोडलेले नाही.

ब्रेक झाल्यावर क्लचची पाळी. ओलाव्याने क्लचची तबकडी फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून, त्याच्या आणि आसनाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बसवून, आम्ही ती तशीच ठेवली. अकराव्या दिवशी सकाळी मामी केळीला पाणी सोडत असता गोठ्यातून ‘खट्’ असा आवाज आला. “तुमचं काहीतरी तुटलं,” त्यांनी फोन करून कळविले. ते तुटणे नव्हते, सुटणे होते.

खरी कसोटी पावसाळ्यात आली. या गाडीला वेगळी चौकट नाही. दारांखालून जाणारे पोकळ पत्र्याचे उंबरेच तिचा कणा. मिस्त्रींनी त्यांच्यावर पेचकसाच्या मुठीने टकटक केली. काही ठिकाणी खणखणीत आवाज आला. काही ठिकाणी भिजल्या पुठ्ठ्यासारखा. पत्रा कापून नवा जोडावा लागणार होता आणि त्यासाठी लागणारी रक्कम आमच्या हिशेबाबाहेरची होती. आमच्याकडे वेलांकनीच्या यात्रेसाठी साठविलेले पैसे होते. ते एका चैनीच्या गाडीवर घालावेत काय? आमच्यापैकी एकाचे म्हणणे, यात्रा पुढल्या वर्षीही निघेल, गाडी उरणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, हाच युक्तिवाद प्रत्येक मोह करीत असतो. तीन दिवस आमचे एकमेकांशी जेवणापुरतेच बोलणे झाले.

त्याच आठवड्यात मिस्सामध्ये संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला, असे लिहिता आले असते तर लेखाला शोभा आली असती. तसे घडले नाही. तो दाखला आम्हीच शोधून वाचला. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाकायला मालक सांगतो आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. वाडीत वाढलेल्या माणसाला त्यातील एक गोष्ट लगेच जाणवते. माळी नुसती दया मागत नाही. भोवती खणीन आणि खत घालीन, असे कामाचे वचन देतो. आणि वर्षाअखेर फळ आले नाही तर तोडा, हेही तोच मान्य करतो. आशेला तो श्रमाची आणि मुदतीची, अशा दोन्ही मर्यादा घालतो. आम्हीही मर्यादा घातली. यात्रेच्या पैशांतील निम्मे, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. आणि पुढल्या ईस्टरला गाडी चालली नाही तर भंगारवाल्याला आम्हीच बोलवायचे. मग उंबरे कापले गेले.

विजेच्या जोडणीत मिस्त्रींनी आमच्याकडून तीन वेळा घोकून घेतले. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. सवयीने कोणी उलट जोडले तर नुकसान ठरलेले. आसनांच्या मागे, खाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. त्या बसविल्या, किल्ली फिरविली आणि गाडीच्या मागच्या बाजूने ‘टक् टक् टक्’ असा आवाज सुरू झाला. तो पेट्रोलचा विजेवरील पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरत गेल्या तशी टकटक मंदावली आणि थांबली. वीस वर्षांत त्या गाडीने काढलेला हा पहिला स्वर.

एंजिन सुरू केले ते उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात. आधी प्लग न लावताच स्टार्टरने फिरविले आणि तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून उठेपर्यंत वाट पाहिली. मग प्लग लावले. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा चारही सिलिंडर पेटले, निळ्या धुराने गोठा भरून गेला आणि कोंबड्या पसार झाल्या. मिस्त्रींनी रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरले. हवा आत जाताना होणारा सुस्कारा दोन्हींकडे सारखा येईपर्यंत ते पेच फिरवीत राहिले. पाऊण तास कोणी बोलले नाही. मग त्यांनी प्लग काढून दाखविले: बिस्किटाच्या रंगाचे. “पोट बरोबर आहे.”

काही पथ्ये त्यांनी लिहून दिली. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला बाधते; म्हणून रबर त्याला टिकणारे घालावे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. दोन मिनिटे चालवून बंद करणे हे न चालविण्याहून वाईट, कारण थंड एंजिनात पाणी साचते; चालवायची तर चांगली तापेपर्यंत. कायद्याचेही पथ्य आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ घडण न बदललेल्या खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. मात्र त्या रोजच्या वापरासाठी नाहीत. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच त्यांनी रस्त्यावर यावे. आमचे कागद अद्याप व्हायचे आहेत. त्यामुळे गाडी वाडीच्या फाटकाबाहेर गेलेली नाही.

पुनरुत्थान रविवारी मिस्सानंतर आम्ही मामींना गोठ्यात नेले. त्या लुगड्याचा पदर सावरीत डाव्या दाराशी उभ्या राहिल्या. खूप खाली वाकावे लागले. आत बसल्यावर पर्स मांडीवर ठेवून त्यांनी विचारले, “पाय एवढे लांब करून बसायचं?” आम्हांपैकी एकाने गाडी चालविली, दुसरा सोबतीने चालत गेला, वेगच तेवढा होता. केळीच्या दोन रांगांमधून विहिरीपर्यंत आणि परत. मामी समोर पाहत होत्या. परतताना त्यांनी हात दारावर टेकला, पूर्वी मामा टेकवीत तसा. उतरल्यावर आम्ही काही विचारले नाही.

“गोठा मला रिकामा पाहिजेच,” त्या म्हणाल्या. मग वाडीकडे वळून, डोळ्यांवर हात धरून, त्यांनी विहिरीपलीकडची मोकळी जागा दाखविली. “तिथं मांडव घाला. आंब्याखाली नको. चीक पडतो, रंग जाईल.”